एका घराची मे महिन्याची सुट्टी कशी नोंदवावी

मोठ्या कुटुंबात वाढलेल्या माणसांना बालपणीच्या सुट्ट्यांविषयी बोलते करायला फारसे कष्ट पडत नाहीत. लग्नाच्या आदल्या रात्री, बारशाला, अगदी तेराव्याच्या दिवशीही चार चुलत-आते भावंडे एकत्र बसली की मे महिन्याचा विषय निघतोच. परंतु अशा गप्पांत त्याच पाच-सहा गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात, ज्याचा आवाज मोठा त्याची हकीकत सर्वांची ठरते, आणि बाकीच्या असंख्य बारीकसारीक गोष्टी सांगणाऱ्यांबरोबरच निघून जातात. ठाण्यात नौपाडा, चरई, खारकर आळी, टेंभी नाका या भागांतील जुनी घरे आणि चाळी पाडून तेथे इमारती उभ्या राहिल्या. खाडीपलीकडे, आजच्या नवी मुंबईत, भातशेते, खाजणे आणि मिठागरे यांच्या जागी सेक्टर आले. ज्यांनी त्या घरांत सुट्ट्या घालवल्या ती माणसे मात्र अजून आहेत, आणि त्यांच्याकडून त्या सुट्ट्यांची विश्वासार्ह नोंद कशी करून घ्यावी, याची आमच्या नौपाड्यातील घरासाठी वापरलेली पद्धत मी येथे सविस्तर देत आहे.

या पद्धतीचा पाया एकच आहे. वीस मुलांच्या घरात सुट्टीही वीस प्रकारची असते. धाकट्यांवर लक्ष ठेवण्याचे काम ज्या थोरल्या भावाकडे होते त्याची सुट्टी वेगळी, बाराव्या वर्षी स्वयंपाकघरात मदतीला लागलेल्या बहिणीची वेगळी, आणि वडील नसल्यामुळे आईसह मामांकडे कायमचे राहायला आलेल्या भाच्याची तर अगदीच वेगळी. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे, प्रत्येकाची हकीकत त्याच्या नावाने लिहावी, आणि दोन हकीकती जुळल्या नाहीत तर त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. त्यांची सरासरी काढून तिसरी, कोणाचीच नसलेली हकीकत तयार करू नये.

मर्यादा आणि माणसांची यादी

आरंभी कामाला सीमा घालावी. एक घर, एक हंगाम आणि दोन घटनांच्या मधला काळ एवढे पुरेसे आहे. उदाहरणार्थ, आजोबांनी घर घेतले तेव्हापासून ते घर पुनर्विकासाला गेले तोपर्यंतच्या मे महिन्याच्या सुट्ट्या. निकाल एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी लागत असे आणि शाळा जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उघडत असे, त्यामुळे सुमारे दीड महिन्याचा हा काळ आपोआप आखलेला मिळतो. दिवाळी, गणपती, मुंजी, लग्ने यांचे विषय मध्येच येतील. ते थांबवू नयेत, पण त्यांची टिपणे वेगळ्या वहीत घ्यावीत. संपूर्ण कुटुंबाचा इतिहास लिहायला निघालेली माणसे वंशावळीतच अडकून पडतात, असे मी पाहिले आहे.

त्यानंतर यादी करावी. घरात कायम कोण राहत असे, सुट्टीला कोण येत असे, कोठून आणि कोणत्या वाटेने येत असे, किती दिवस राहत असे. प्रत्येकाचे कागदोपत्री नाव आणि घरातले नाव, दोन्ही लिहावीत, कारण मोठ्या कुटुंबात दोन बेबी, तीन नाना आणि प्रत्येक पिढीत एक अक्का असते, आणि आज ऐंशीच्या घरातील आत्या 'बाळ' म्हणते तेव्हा ती नेमक्या कोणाविषयी बोलत आहे हे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या नातवाला कळणार नाही. लग्न झालेल्या स्त्रियांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावे नोंदवावीत. जन्मवर्षाच्या शेजारी मॅट्रिक किंवा दहावीचे वर्ष लिहावे. माणसे स्वतःच्या आयुष्यातील बहुतेक घटना त्या वर्षाच्या आधीच्या किंवा नंतरच्या म्हणूनच लक्षात ठेवतात.

विचारण्याचा क्रम आणि रीत

सर्वांत वयस्कर व्यक्तीपासून सुरुवात करावी. याचे कारण उघड आहे आणि ते मनात ठेवूनच, घाई न दाखवता, काम करावे. सकाळची आंघोळ, पूजा, चहा झाल्यावरची वेळ सर्वांत चांगली; पाऊण तासाच्या पुढे बैठक लांबवू नये. आपण आत्याला, मावशीला नेहमी 'तू' म्हणत असू तर ध्वनिमुद्रण सुरू असतानाही 'तू'च म्हणावे. मुलाखतकाराची भाषा आली की माणसे सावध होतात आणि वर्तमानपत्रात शोभतील अशी वाक्ये बोलू लागतात.

'तेव्हा सुट्टी कशी असायची?' या प्रश्नाला 'फार मजा यायची' याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी दिवसाच्या क्रमाने विचारावे. सकाळी जाग आली तेव्हा शेजारी कोण झोपलेले असे? पहिला आवाज कोणता येई, पाणी ओढण्याचा, दूधवाल्याचा की आजीच्या स्तोत्राचा? नळाला पाणी किती वाजता येई आणि ते कोण भरे? बंबात जळण कोण घाली? आंघोळीचा नंबर कसा लागे, आणि शेवटच्या मुलाला गरम पाणी उरत असे का? पंगतीत तुझे पान कोठे मांडत, आणि शेजारी कोण बसू नये असे तुला वाटे? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. त्यातून भांडणे, लळे आणि मत्सर सहज बाहेर येतात.

आठवतच नाही असे म्हणणाऱ्या व्यक्तीपुढे मोठा कोरा कागद आणि पेन्सिल ठेवावी व घराचा नकाशा काढायला सांगावे. ओटी, माजघर, देवघर, मोरी, माडीचा जिना, मागचे दार, विहीर किंवा नळ, संडास, न्हाणीघर, फुलझाडे. रेषा वेड्यावाकड्या आल्या तरी चालतात. हात कागदावर फिरू लागला की तोंडही उघडते. आमच्या एका काकांनी जिन्याखालची जागा काढता काढता तेथे लपवलेल्या गोट्या, तेथे ऐकलेले मोठ्यांचे बोलणे आणि अंधाराची भीती हे सर्व सलग सांगितले, जे एरवी कोणत्याही प्रश्नाला उत्तर म्हणून आले नसते. प्रत्येकाकडून नकाशा स्वतंत्र काढून घ्यावा आणि आधीच्यांचे नकाशे दाखवू नयेत. नंतर ते एकत्र ठेवून पाहिले असता ज्याच्या नकाशात स्वयंपाकघर मोठे आणि ज्याच्या नकाशात अंगण मोठे, त्यावरून कोणाचा दिवस कोठे जात होता हे स्पष्ट दिसते.

खेळांविषयी विचारताना नावांवर थांबू नये. लगोरी, डबा ऐसपैस, विटीदांडू, सागरगोटे, पत्त्यांत मेंढीकोट, पाच-तीन-दोन, झब्बू, बदाम सात ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. तुमच्या घरातील नियम मात्र तुमच्याच घराचे होते. लिंबूटिंबू कोणाला धरत, किती वर्षांपर्यंत धरत, भांडण झाल्यावर निवाडा कोण करी, दुपारी मोठी माणसे झोपलेली असताना कोणते खेळ चालत आणि कोणते बंद असत, हे लिहावे.

स्वयंपाकघराकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा

सुट्टी मुलांची होती. आजी, काकू, माहेरपणाला आलेल्या आत्या आणि मोठ्या मुली यांच्यासाठी तोच महिना वर्षातला सर्वांत कष्टाचा होता, कारण जेवणारी तोंडे दुप्पट-तिप्पट झालेली असत आणि त्याच वेळी वर्षाची साठवणही करायची असे. उडदाचे आणि पोह्यांचे पापड, कुरडया, सांडगे, फेण्या, साबुदाण्याच्या चिकवड्या, सांडगी मिरच्या, मसाला, तिखट, कैरीचे लोणचे, साखरांबा, गुळांबा, तांदूळ आणि डाळींना एरंडेल तेल चोळून ठेवणे, ही सर्व कामे मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या सुमारास, हातावेगळी करावी लागत. बालपणीच्या सुट्टीवर लिहिलेल्या बहुतेक आठवणींत पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खाल्ल्याचा उल्लेख येतो. त्या लाट्यांचे पीठ कोणी कुटले, याचा येत नाही. ही उणीव मला फार खटकते, आणि ती भरून काढण्याची संधी थोडीच वर्षे उरली आहे.

म्हणून घरातील स्त्रियांना वेगळे, शक्यतो पुरुष मंडळी समोर नसताना विचारावे. सर्वांत आधी कोण उठे आणि सर्वांत शेवटी कोण जेवे? सर्वांची जेवणे झाल्यावर भाजी उरत असे का? पोळ्या किती लाटाव्या लागत आणि पिठाचा डबा किती दिवसांनी भरावा लागे? नारळ कोण खवे? माहेरवाशिणीला खरोखर विश्रांती मिळत असे, की सासरचे काम सोडून माहेरचे हाती घेणे एवढाच बदल होता? मुलींना कोणत्या वयापासून खेळातून बोलावून घेत? 'बाजूला बसण्याचे' चार दिवस सुट्टीत आले तर मुलगी कोठे बसे, तिच्याशी कोण खेळे, आणि ही पद्धत घरात कोणी आणि केव्हा बंद केली? आंबे वाटताना मुलगे आणि मुली यांच्यात भेद होत असे का? हा प्रश्न सरळ विचारावा. एकाच घरातील दोन बहिणींनी मला त्याची नेमकी उलट उत्तरे दिली, आणि दोन्ही मी तशीच लिहून ठेवली.

पदार्थांची कृती घेताना मापांची काळजी घ्यावी. ओंजळ, मूठ, चिमूट, वाटी, मापटे, शेर, पायली असे शब्द येतील. 'अंदाजाने' असेही उत्तर येईल. अशा वेळी त्यांच्याच हाताने ओंजळ भरून घेऊन ती वजनकाट्यावर ठेवावी आणि ग्रॅममध्ये आकडा लिहावा, घरातील जुनी वाटी मिळाली तर तिच्यात किती पाणी मावते ते मोजावे. कृती सलग सांगून न घेता, शक्य असेल तर ती करताना पाहावी. कुरड्यांचेच उदाहरण घ्या. गहू तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर स्थिर ठेवून वरचे पाणी ओतून टाकायचे, सकाळी पाण्याला उकळी आणून त्यात मीठ, हिंग आणि चीक घालून सतत ढवळत शिजवायचा आणि ऊन चढण्याच्या आत सोऱ्यातून गच्चीवर घालायचा. हे सर्वांना सांगता येते. पण चीक शिजला हे कशावरून ओळखायचे, एकाच वेळी किती हात लागत, कावळे राखायला कोणत्या मुलाला बसवत आणि त्याला मोबदला काय मिळे, हे हातात काम असतानाच आठवते.

आंब्याची अढी हा असाच एक मोठा विषय आहे. पेंढ्यात आंबे कोणत्या खोलीत घालत, रोज पिकलेले निवडण्याचा अधिकार कोणाकडे होता, हापूस कोणत्या दिवशी आणि पायरी-रायवळ कोणत्या दिवशी, रस काढल्यावर कोयी कोणाच्या वाट्याला, डाग लागलेले आंबे कोण खाई, हे तपशील घरातील उतरंड इतक्या स्पष्टपणे दाखवतात की वेगळे विवेचन करावे लागत नाही. आइस्क्रीमच्या लाकडी पॉटविषयीही विचारावे. बर्फात खडे मीठ घातले की त्याचे तापमान शून्याच्या खाली जाते आणि आतले दूध गोठते, ही विज्ञानाची पहिली गोष्ट अनेकांना हँडल फिरवता फिरवताच समजली आहे. ती कोणी समजावली तेही लिहावे.

वर्ष निश्चित करणे

'हे कोणत्या साली झाले?' असे विचारल्यास आकडा मिळतो, पण तो बहुधा अंदाजाचा असतो. त्या सुट्टीत आणखी काय झाले, असे विचारावे. सार्वजनिक घटना खुंटीसारख्या उपयोगी पडतात. पंडित नेहरूंचे निधन २७ मे १९६४ रोजी झाले, रेल्वेचा मोठा संप ८ मे १९७४ पासून सुरू झाला, राजीव गांधींची हत्या २१ मे १९९१ रोजी झाली. तिन्ही ऐन सुट्टीत, आणि कोण कोठे अडकले, घरात काय बोलणे झाले, हे बहुतेकांना आठवते. इंदिरा गांधींची हत्या ३१ ऑक्टोबर १९८४ ची, दिवाळी नुकतीच झालेली असतानाची. आणि २४ ऑक्टोबर १९९५ चे सूर्यग्रहण तर लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आले होते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीच्या आठवणी त्यावरून लावता येतात. उलट, १९८३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना मे महिन्याच्या सुट्टीत सर्वांनी मिळून पाहिला असे कोणी सांगितले तर सावध व्हावे, कारण तो २५ जूनला झाला आणि तोपर्यंत आपल्याकडील शाळा उघडलेल्या होत्या. याचा अर्थ सांगणारा खोटे बोलत आहे असा नव्हे. कदाचित शेजारची मुले आठवणीत भावंडांच्या जागी आली असतील, किंवा त्या वर्षी कोणी उशिरापर्यंत राहिले असेल. ते शोधावे.

साध्या वस्तूही वर्ष सांगतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा दूरदर्शनसंच असलेली मे महिन्याची सुट्टी १९७३ किंवा त्यानंतरची. पोस्टकार्डावर पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. नसेल तर आधीचे असण्याचा संभव अधिक, खात्री मात्र नाही, कारण पुष्कळ माणसे पुढे कित्येक वर्षे पिनकोड लिहीतच नसत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, पण पंचवीस पैशांना 'चार आणे' म्हणणे त्यानंतर कित्येक दशके चालले, म्हणून केवळ त्या शब्दावरून काळ मागे नेऊ नये. सुट्टीत बालनाट्य पाहिले आणि ते गडकरी रंगायतनात पाहिले, तर ते १९७८ च्या आधीचे असू शकत नाही. जावयाला अधिकाचे वाण दिले, ३३ अनारसे केले आणि बाहेर आंब्याचे दिवस होते, असे आजीने सांगितले तर तो अधिक ज्येष्ठ असण्याची शक्यता मोठी. असा अधिक मास १९८८, १९९९, २००७ आणि २०१८ या वर्षी मे-जूनमध्ये आला होता, आणि जुने पंचांग पाहून त्याची खात्री करता येते.

प्रवासाची वाट हा आणखी एक पक्का पुरावा आहे. ठाण्याहून वाशीला थेट लोकल २००४ च्या अखेरीस सुरू झाली. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्ये आली, तेव्हा कुर्ल्याला गाडी बदलून जाता येऊ लागले. त्यापूर्वी कळव्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याने बसनेच जावे लागे. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, काही टप्पे त्याच्या आधी. त्यामुळे कुडाळहून किंवा कणकवलीहून भावंडे ठाण्याला एसटीने आली की रेल्वेने, एवढ्यावरून दशकाचा अंदाज येतो, आणि एसटीचा प्रवास असेल तर रात्रभर कोणाला गाडी लागत असे, हेही कळते.

जागा दाखवून घेणे

चालणे जमत असेल अशा वडीलधाऱ्यांना सकाळी लवकर जुन्या भागात घेऊन जावे. मासुंदा तलावाची पाळी, कोपिनेश्वराचे देऊळ, स्थानकाजवळचा बाजार, कचराळी तलाव ही ठिकाणे अजून जागेवर आहेत. त्यांच्यापासून घराचे अंतर पावलांनी मोजता येते. इमारत बदलली तरी गल्लीचे वळण बहुधा तेच राहते. येऊरच्या बाजूने पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे घेऊन येणाऱ्या आदिवासी बायका कोणत्या कोपऱ्यावर बसत, तासावर सायकली भाड्याने देणारे दुकान कोठे होते, बर्फाची लादी कोठून आणत, हे जागेवर उभे राहून विचारले की उत्तरे नेमकी मिळतात. मोबाइलवर त्या जागेची खूण करून ठेवावी.

नवी मुंबईतील मूळ गावांच्या कुटुंबांसाठी हे काम अधिक कठीण आणि अधिक तातडीचे आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. वाशी, घणसोली, कोपरखैरणे, दिवे, करावे, बेलापूर येथील गावठाणे उरली. भोवतालचे सर्व बदलले. येथे देऊळ, विहीर आणि तलाव हे स्थिर बिंदू धरावेत, आजच्या नकाशावर पातळ पारदर्शक कागद ठेवावा आणि त्यावर जुनी शेते, बांध, खाडीची तोंडे, मिठागरे, होड्या लावण्याची जागा हे वडीलधाऱ्यांकडून काढून घ्यावे. उपग्रहचित्रे जुन्या वर्षांची पाहण्याची सोय असली तरी ती फार मागे जात नाही. त्याआधीचा नकाशा फक्त माणसांकडे आहे. माहेरी आलेल्या आत्या पावसाळ्यासाठी सुकट आणि बोंबील भरून ठेवत, मुले ओहोटीला चिखलात निवट्या धरायला जात, या गोष्टी आगरी बोलीत सांगितल्या गेल्या तर आगरी बोलीतच उतरवाव्यात. छापील मराठीत त्यांची दुरुस्ती करू नये. आणि सुट्टीविषयी बोलता बोलता माणूस गेलेल्या जमिनीकडे वळला, मोबदल्याविषयी बोलू लागला, तर त्याला विषयावर परत आणू नये. ज्या शेतात तो खेळला ते शेतच गेले आहे, तेव्हा तो विषयावरच आहे.

ध्वनिमुद्रण, कागद आणि छायाचित्रे

साधा मोबाइल पुरेसा आहे. तो फ्लाइट मोडवर ठेवावा, बोलणाऱ्याच्या जवळ घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा, पंख्याच्या थेट खाली ठेवू नये. आरंभी तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचे नाव आणि ध्वनिमुद्रणास त्याची संमती आहे, हे बोलून घ्यावे. फाइलला वर्ष-महिना-दिवस आणि नाव या क्रमाने नाव द्यावे, म्हणजे सर्व फाइली आपोआप क्रमाने लागतात. त्याच दिवशी अर्धा तास बसून मुख्य मुद्दे वहीत लिहावेत. संपूर्ण लेखन नंतर केले तरी चालते. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी.

जुन्या हिशेबाच्या वह्या, दुधाचे कार्ड, शिधापत्रिका, लग्नपत्रिका, गुणपत्रके, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या समासात लिहिलेल्या नोंदी, हे सर्व मागून पाहावे. पोस्टकार्डावरचा टपालाचा शिक्का हा तारखेचा उत्तम पुरावा. 'सोमवारी सकाळी मुलांना घेऊन निघतो' एवढ्या एका ओळीने एक संपूर्ण सुट्टी निश्चित होते.

चिकट पानांच्या अल्बममधून छायाचित्रे ओढून काढू नयेत, ती फाटतात. पानासकट स्कॅन करावीत, लहान आकाराची असतील तर ६०० डीपीआयवर. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइल अगदी समांतर धरून फोटो घ्यावा. मागची बाजूही घ्यावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि कोणाच्या तरी अक्षरातील नावे तेथेच असतात. नवी माहिती लिहायची तर मऊ पेन्सिलने, कडेला, बॉलपेनने नव्हे. निगेटिव्ह सापडल्या तर टाकून देऊ नयेत. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीप्रमाणे पाठवले तर त्याचा दर्जा घटतो, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. आपल्याकडच्या पावसाळ्यातील दमट हवेत छायाचित्रांवर बुरशी चढते, त्यामुळे हे काम जूनच्या आत उरकावे हे बरे.

दुखऱ्या जागा

प्रत्येक मोठ्या घरात काही सुट्ट्या अशा असतात की त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. वाटण्या झाल्या ते वर्ष. विहिरीत किंवा तलावात बुडालेले मूल. पंक्तीत न बसणारी, रंगीत लुगडे न नेसणारी विधवा आत्या. फी भरायला पैसे नसलेला आणि जुने कपडे मिळणारा भाऊ. मोठ्यांपैकी कोणी एखाद्या मुलाशी केलेले वाईट वर्तन. हे विषय आपण उकरून काढू नयेत, पण कोणी स्वतःहून सांगू लागले तर नजर खाली न घालता ऐकावे, ध्वनिमुद्रण थांबवू का असे विचारावे, आणि शेवटी हे लिहायचे की नाही, लिहायचे तर कोणाला वाचू द्यायचे, हे त्या व्यक्तीलाच ठरवू द्यावे. असे भाग वेगळ्या पाकिटात बंद करून, कधी उघडावे हे वर लिहून ठेवता येते. 'कुटुंबाचे नाव' या कारणाखाली सांगणाऱ्याच्या मनाविरुद्ध काही गाळणे मला योग्य वाटत नाही. त्याच्या मनाविरुद्ध काही छापणे तर त्याहून नाही.

लिहून काढणे

साल-क्रमाने लिहू नये, कारण सर्व सुट्ट्यांत पुष्कळ गोष्टी सारख्याच असतात आणि तेच तेच येत राहते. घराच्या जागांप्रमाणे लिहावे: ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मोरी, गच्ची, अंगण, बाहेरची गल्ली, तलाव. प्रत्येक जागेखाली सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक आठवणीपुढे सांगणाऱ्याचे नाव व अंदाजे काळ द्यावा. 'रम्य', 'सोनेरी', 'ते दिवस पुन्हा येणार नाहीत' असे शब्द काढून टाकावेत. गच्चीवर गाद्या टाकण्यापूर्वी तापलेल्या फरशीवर पाणी शिंपडले जाई आणि त्याचा वास येई, एवढे लिहिले की वाचणाऱ्याला जे वाटायचे ते वाटते. बोलणाऱ्याचे शब्द शक्य तेथे तसेच ठेवावेत. शेवटी प्रत्येक माणसासाठी एक पान द्यावे, ज्यांच्याविषयी फक्त दोन ओळी मिळाल्या त्यांनाही. सुट्टीत एकदाच येऊन गेलेल्या, पुढे संबंध न राहिलेल्या दूरच्या मावसभावाचेही पान असावे.

पहिला मसुदा सर्वांना एकाच दिवशी पाठवावा, म्हणजे आपल्याला नंतर कळवले असे कोणाला वाटणार नाही. ज्येष्ठांसाठी तो १६ पॉइंटच्या अक्षरांत, उजवीकडचे पान कोरे ठेवून छापून घ्यावा, कारण ते दुरुस्त्या हातानेच करतील आणि त्यांच्या हस्ताक्षरातील दुरुस्त्याही जपण्याजोग्या असतात. गणपतीत बहुतेक मंडळी एकत्र येतात, म्हणून मसुदा जुलैत पाठवून गणपतीपर्यंत दुरुस्त्या मागवणे सोयीचे पडते. त्या वेळी सर्वांसमोर वाचन करावे आणि तेही ध्वनिमुद्रित करावे. कोणी 'असे नव्हतेच' म्हणून मध्येच थांबवेल, तेव्हा त्याची हकीकत त्याच्या नावाने पुढच्या प्रतीत घालावी. अंतिम प्रतीबरोबर सर्व ध्वनिमुद्रणांची सूची आणि ती कोणाकडे ठेवली आहेत याची नोंद द्यावी, आणि दुरुस्तीची वही तिशीच्या आतील एखाद्या भाचीकडे किंवा पुतण्याकडे सोपवावी.